कामावरचा अपघात आणि मागे राहिलेले घर

मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळच्या उरवडे येथील एका रसायन कारखान्याला ७ जून २०२१ रोजी दुपारी आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन डायऑक्साइड तेथे तयार होत असे. या आगीत १७ कामगार दगावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मृतदेह इतके जळाले होते की ते ससून रुग्णालयात आणल्यावर ओळख पटविण्यासाठी डी.एन.ए. तपासणी करावी लागली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले आणि प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली गेली.

तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात अशीच आग लागली. त्या दिवशी सहाजणी गेल्या आणि भाजलेल्यांपैकी आणखी काहीजणी पुढच्या दिवसांत रुग्णालयात दगावल्या. मोठ्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. पण लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला गवंडी, प्रेसमध्ये सापडलेला हेल्पर, टाकी साफ करताना गुदमरलेला मजूर यांची बातमी चार ओळींत संपते. त्यांच्या घरचा प्रश्न मात्र तेवढाच मोठा असतो.

या सदरात आपण एरवी मधुमेह, दमा, साथीचे ताप यांविषयी बोलतो. मग आज नुकसानभरपाई, फॉर्म आणि दाखले यांची चर्चा का, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण वैद्यकीयच आहे. घरातला मिळवता माणूस कामावर गेला आणि परतला नाही, की काही महिन्यांनी त्या घरातली माणसे दवाखान्याची पायरी चढू लागतात. पत्नीचे डोके दुखते, रक्तदाब वाढलेला असतो. सासऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्या आणणे बंद केलेले असते. मुलगा रात्री दचकून उठतो, शाळेत जायला नको म्हणतो. विचारपूस केली की कळते, घरभाडे थकले आहे, कंपनीत तीन खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला 'अमुक कागद आणा' म्हणून परत पाठविले गेले. अशा डोकेदुखीवर गोळी देता येते, पण तिचे मूळ त्या न मिळालेल्या कागदात असते.

मदत आहे, पण ती आठ ठिकाणी आहे

आपल्याकडे अशा कुटुंबासाठी काहीच सोय नाही, असे नाही. कामगार विमा, भविष्यनिर्वाह निधी, कायद्याने ठरलेली नुकसानभरपाई, बांधकाम कामगार मंडळ, बँकेतला विमा, तहसील कार्यालयातील योजना, मुलांसाठीची मदत अशा अनेक सोयी आहेत. अडचण ही, की प्रत्येक सोय वेगळ्या कार्यालयात आहे, तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी. या सगळ्यांची मोट बांधणारे एकही कार्यालय नाही. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी असतो. पण बहुतेक अपघात होतात त्या लहान शेडमध्ये किंवा बांधकामाच्या जागेवर असा कोणी नसतो. मग ज्या बाईला नीट जेवणही जात नाही, तिलाच या आठ दारांची ओळख करून घ्यावी लागते.

म्हणून या लेखात सांगायचे आहे ते एवढेच : अशा घराला पहिल्या आठवड्यातच 'एक माणूस आणि एक वही' मिळाली पाहिजे. माणूस म्हणजे दीर, भाऊ, शिकलेली भाची, युनियनचा कार्यकर्ता, बचत गटाची अध्यक्षा किंवा मालकाने नेमलेला जबाबदार कर्मचारी, यांपैकी कोणीही एक. निवड मात्र घरच्यांनी करावी. वहीत कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला, कोण भेटले, काय सांगितले, पुन्हा कधी जायचे, एवढे लिहावे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेऊन ती वहीला जोडावी. मदतीला दहा माणसे धावतात आणि पंधराव्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. वही टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटात सापडलेल्यांच्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिच्यातील तीन पायऱ्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील : पाहा, ऐका आणि जोडून द्या. आपले लोक भेटायला जातात, पाहतात, ऐकतातही. तिसरी पायरी, म्हणजे योग्य मदतीशी जोडून देणे, तीच राहून जाते.

पहिले तीन दिवस

पहिली गोष्ट शवविच्छेदनाची. कामावरच्या अपघाती मृत्यूत खासगी डॉक्टरच्या दाखल्यावर भागत नाही. पोलिसांना खबर, पंचनामा आणि सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन हे झालेच पाहिजे. 'देहाची विटंबना नको' म्हणून काही घरे ते टाळू पाहतात. विशेषतः माणूस कामावर असताना छातीत कळ येऊन पडला, तर 'हार्ट अटॅकच होता' असे म्हणून प्रेत परस्पर घरी नेले जाते. पुढे त्या मृत्यूचा कामाशी संबंध होता की नाही, हे ठरविण्याची वेळ येते तेव्हा हातात काहीच पुरावा नसतो. कोंदट टाकीतला वायू, विजेचा धक्का, उन्हाचा तडाखा हे सारे बाहेरून हार्ट अटॅकसारखेच दिसू शकते. विच्छेदनासाठी लागणारे काही तास कुटुंबाला पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट सह्यांची. पहिल्या तीन दिवसांत घरच्यांनी कोऱ्या कागदावर किंवा 'आमची काही तक्रार नाही, सर्व पैसे मिळाले' अशा मजकुरावर सही किंवा अंगठा करू नये. अंत्यविधीसाठी कोणी रोख रक्कम दिली तर ती घ्यावी, पण पावतीवर 'अंत्यविधीसाठी मदत' असेच लिहावे.

तिसरी गोष्ट मृत्यूच्या दाखल्याची. तो जेथे मृत्यू झाला तेथील महापालिका किंवा ग्रामपंचायत देते. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दाखल्यावरचे नाव आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे तेथेच तपासावे. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकावरून अर्ज अडतात. मूळ दाखल्याच्या दहा प्रती एकदमच घ्याव्यात. उरवड्यासारख्या घटनेत ओळख पटायलाच दिवस लागतात. तोवर तपासणीसाठी नमुना दिल्याचा कागद जपून ठेवावा.

जे कामगार त्या जागेवरून 'वाचले' त्यांनाही डॉक्टरांना दाखवावे. धूर किंवा क्लोरीनसारखा वायू छातीत गेला असेल, तर सुरुवातीला फक्त खोकला असतो आणि खरी धाप काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लागते. अशा माणसाला 'घरी जाऊन झोप' म्हणून पाठवू नये.

मदत वेगळी, हक्क वेगळा

मंत्री जी रक्कम जाहीर करतात ती मदत. कायद्याने मालकाकडून किंवा विम्याकडून मिळते तो हक्क. पहिली मिळाली म्हणून दुसरा संपत नाही. ही गोष्ट अनेक घरांना ठाऊक नसते.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. तो आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. हिशेबाचे सूत्र जुनेच आहे : महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. चाळीस वर्षे वयासाठी हा आकडा १८४.१७ आहे. म्हणजे चाळीस वर्षांच्या आणि महिना १२,००० रुपये मिळविणाऱ्या स्त्रीच्या मृत्यूबद्दल ६,००० गुणिले १८४.१७, अर्थात सुमारे ११ लाख ५ हजार रुपये होतात. यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात झाला, एवढे पुरे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसत असल्यास, यात धरला जातो.

मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायची नसते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे भरायची आणि त्याने वारसांत वाटायची, अशी पद्धत आहे. वारसांना तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी मालकाला देता येते. 'दोन लाख घ्या आणि मिटवा' असा घरगुती सौदा कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाही. मुलांचा वाटा ठेव म्हणून गुंतविण्याचा आदेशही प्राधिकारी देऊ शकतो. त्यामुळे आलेली रक्कम महिनाभरात नातेवाइकांच्या उसनवारीत जात नाही. दाव्याची मुदत दोन वर्षे आहे आणि भरपाई थकविल्यास व्याज व दंडाची तरतूद आहे.

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या इ.एस.आय.मध्ये असेल, तर मालकाकडून ही एकरकमी भरपाई मिळत नाही. तिच्याऐवजी वारसांना दरमहा निवृत्तिवेतनासारखा 'अवलंबितांचा लाभ' मिळतो. तो पगाराच्या सुमारे ९० टक्के असतो आणि पत्नी व मुले यांच्यात विभागला जातो. पत्नीला तो आयुष्यभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलीला लग्नापर्यंत मिळतो. अंत्यविधीचा खर्च १५,००० रुपयांपर्यंत वेगळा. अपघात कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी झाला तरी हा लाभ मिळतो. मालकाने नाव नोंदविलेच नसेल, तरी नोंदणीस पात्र कामगाराचा हक्क बुडत नाही.

भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात तीन गोष्टी एकदमच मागाव्यात : साठलेली रक्कम, १९९५ च्या योजनेखालील विधवा व मुलांचे निवृत्तिवेतन आणि निधीला जोडलेला विमा. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळू शकते. विम्याची रक्कम कमाल ७ लाखांपर्यंत असते. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षांची नोकरी लागते, पण मृत्यू झाल्यास ही अट नाही. राहिलेला पगार, ओव्हरटाइम आणि शिल्लक रजेचे पैसेही मागायला संकोच करू नये.

बँकेचे पासबुक नीट पाहावे. वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघात विमा आणि ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन विमा. दोन्ही केंद्र सरकारच्या योजना असून प्रत्येकी २ लाखांच्या आहेत. पैसे कापले गेले आहेत हे घरच्यांना माहीतच नसल्यामुळे दावा राहून जातो.

कंत्राटी आणि परगावचे मजूर

कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री बांधकामाची लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर दगावले. दोन्ही ठिकाणचे बहुतेक मजूर बिहारचे. आपल्या शहराच्या इमारती उभारणाऱ्या या लोकांची घरे शेकडो कोसांवर असतात. प्रेत गावी पोचते, पण पगाराचा पुरावा, हजेरीची वही, ठेकेदाराचा पत्ता सारे पुण्यातच राहते. म्हणून सोबतच्या मजुरांची नावे व फोन नंबर, हजेरीपत्रकाचा आणि ओळखपत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो पहिल्याच दिवशी जमवावा. ठेकेदार पळून गेला तरी ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकावर भरपाईची जबाबदारी येते. दावाही वारस जेथे राहतात तेथील प्राधिकाऱ्याकडे करता येतो, त्यासाठी प्रत्येक तारखेला पुण्यास यावे लागत नाही.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल, तर कामावरील मृत्यूबद्दल वारसाला ५ लाख रुपये, अंत्यविधीसाठी १०,००० रुपये आणि विधवेला पाच वर्षे दरसाल २४,००० रुपये अशा योजना आहेत. पण नोंदणी अपघाताच्या आधीची आणि चालू हवी.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

घरच्यांची प्रकृती

कागदांची धावपळ एका माणसाने अंगावर घेतली, की घरच्यांना दुःख करायला सवड मिळते. हीच पहिली औषधयोजना. पहिले काही दिवस झोप न लागणे, अन्नावरची वासना जाणे, मधूनच त्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखे वाटणे हे सारे शोकाचे भाग आहेत, वेडाची लक्षणे नव्हेत. शेजारणीच्या डब्यातली झोपेची गोळी देऊ नये. 'रडून मोकळी हो' म्हणून जबरदस्ती करू नये आणि 'रडू नकोस' म्हणून दटावूही नये. काय घडले ते प्रत्येक येणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावणे हे तर जखमेवरची खपली काढण्यासारखे आहे.

घरातल्या वृद्धांची रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे कोणी द्यायची, हे नाव घेऊन ठरवून टाकावे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. आईच्या किंवा वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर 'धसका घेतला आहे' म्हणून सोडून न देता लगेच दवाखान्यात न्यावे. घरात गरोदर बाई असेल तर तिची तपासणी चुकवू नये.

मुलांना 'बाबा गावाला गेले' असे सांगू नये. ती बाहेरून ऐकतातच, मग घरच्यांवरचा विश्वासही जातो. 'बाबांना कामावर अपघात झाला, ते वारले, ते आता परत येणार नाहीत, पण तुझी काळजी आम्ही घेणार आहोत' एवढे साध्या शब्दांत सांगावे. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर रागावू नये. तेराव्यानंतर शक्य तितक्या लवकर शाळा सुरू करावी आणि वर्गशिक्षिकेला आधी भेटून कल्पना द्यावी. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा असतो. गरजू विधवांसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कार्यालयात असते.

दीड-दोन महिन्यांनीही माणूस अंथरुणातून उठत नसेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, 'माझ्या जगण्यात काय अर्थ आहे' असे बोलत असेल, तर थांबू नये. आत्महत्येचे बोलणे कोणी पहिल्या दिवशी काढले तरी ते तितकेच गंभीर मानावे. जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. तो विनाशुल्क असून तेथे मराठीत बोलता येते.

मालक आणि सहकारी यांनी काय करावे

लहान कारखानदारांना एक विनंती. अपघातानंतर वकील 'घरच्यांशी बोलू नका' असा सल्ला देतात. पण त्या घरी एक जबाबदार माणूस पाठविणे, त्याचा फोन नंबर देणे, पगाराचे दाखले आणि इ.एस.आय. व भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज आठवड्याच्या आत भरून देणे यात चुकीची कबुली कोठेच येत नाही. अपघाताचा अहवाल वेळेवर देणे तर कायद्याने बंधनकारकच आहे. ज्यांनी डोळ्यांदेखत सोबत्याचा मृत्यू पाहिला, त्या कामगारांना दुसऱ्याच दिवशी त्याच मशीनवर उभे करू नये.

सहकाऱ्यांनी वर्गणी जमविली तर ती पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे बँकेत भरावी. आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास एकदा घरी जाऊन वही उघडून पाहावी : कोणता अर्ज अजून अडकला आहे? त्या वेळी केलेली एक खेप पहिल्या आठवड्यातल्या दहा भेटींच्या तोडीची ठरते.

आजच करून ठेवा

हा लेख वाचून झाल्यावर अर्धा तास काढा. भविष्यनिर्वाह निधी, बँक आणि विमा यांतली वारसाची नावे तपासा. लग्नाआधी लावलेले आईचेच नाव अनेकांच्या कागदावर तसेच राहिलेले असते. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, इ.एस.आय. क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, बांधकाम मंडळाचे कार्ड आणि पासबुकाची प्रत एका पिशवीत ठेवा. घरकाम, हमाली, बांधकाम अशी पावती न मिळणारी कामे करणाऱ्यांनी निदान आपण कोणाकडे, कोणत्या जागी, किती रोजावर काम करतो हे एका कागदावर लिहून त्या पिशवीत टाका. ती पिशवी कोठे आहे, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला आज रात्रीच दाखवा.